चार नंबरचं बटण

सकाळी सात ते दहा, टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर
काचेच्या पलीकडे दयानंद अष्टेकर आणि शैला हुक्केरी,
अलीकडे मी.
बोलणं त्यांचं, बटणं माझी.
दोन नंबर ढोल, तीन नंबर कोंबडा,
चार नंबर हशा,
चाळीसेक माणसांचा, कुठल्या तरी परक्या गावात
कधीतरी हसून ठेवलेला.

मार्चचा दुसरा आठवडा.
कणकुंबीच्या वरचा डोंगर पाच दिवस पेटलेला.
शहरात नुसता वास,
आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर काळी नक्षी.

‘शैला, जांबोटीची कबड्डी फायनल कशी झाली गं?’
‘बेंकी!’
‘अगं, बेंकी लागली म्हणून तर हलवली!’
इथं एकच शब्द पुरतो:
रान जळालं तरी बेंकी, पोरानं बाजी मारली तरी बेंकी.
कन्नडनं उसना दिलेला,
मराठीनं परत न केलेला.
चार.

मग ती मॅच कुठं कुठं फिरली त्याची कथा.
जांबोटीत धूर, म्हणून खानापूर.
खानापुरात शाळेत दहावीचा पेपर,
म्हणून अनगोळचं मंगल कार्यालय.
तिथं आधीच एक लग्न.
रेडर शिरला तो थेट अक्षतांत,
हा म्हणतोय कबड्डी कबड्डी, भटजी म्हणतायत सावधान.
‘आऊट कोण झालं?’
‘नवरदेव!’
चार. आणि चुकून तीन, कोंबडा.
खपून गेलं.

साहेबांची पाळी साडेआठला, जाहिरातीच्या आधी, नाव न घेता.
साहेब वणवा बघायला गेले
विझलेल्या जागी. पेटलेल्या जागी पार्किंग नव्हतं.
कुणीतरी हातात जांभळाची ओली फांदी दिली, मोहोरासकट.
ती त्यांनी थंड राखेवर तीनदा आपटली.
पहिल्या फोटोत डोळे मिटले,
दुसऱ्यात मध्ये पंचायतीचे अध्यक्ष आले.
मग बंबाच्या पाण्यानं बूट धुऊन घेतले,
बंबाच्याच आरशात भांग पाडला
आणि म्हणाले, परिस्थिती आटोक्यात आहे.
‘केसांची!’ दयानंद म्हणाला.
चार. हा मी मनापासून दाबला.

मी कणकुंबीकडचाच,
पण हे स्टुडिओत कुणी विचारलं नव्हतं.

आठ चाळीसला फोन. मागं तडतड.
मला वाटलं लाइनीतच खरखर, म्हणून आवाज थोडा खाली ओढला.
खरखर गेली नाही. बांबू फुटत होते.
‘हॅलो, कोण बोलतंय?’
‘भरमाणी गावडे. वाचर. रोजंदारीवर.
तो फांदीचा जोक परत सांगा की.
पोरं आग झोडपत होती, धड ऐकू आला नाही.’
भरमाणी माझा मेव्हणा.
मी इथं असतो हे त्याला ठाऊक आहे.
माझं नाव त्यानं घेतलं नाही.

दयानंद काचेतून माझ्याकडं बघत राहिला.
शैलानंच सांगितला, पहिल्यापासून,
सावकाश, पोराला घास भरवावा तसा.
फांदी. बूट. आरसा. भांग.
माझं बोट चारवर.
दाबलं नाही.
तिकडं आठ-दहा माणसं हसली,
खोकत हसली,
एकाचा खोकला थांबेच ना,
कुणीतरी म्हणालं पाणी दे रे,
कुणीतरी म्हणालं, कुठलं पाणी?
‘बेंकी,’ भरमाणी म्हणाला
आणि लाइन तुटली.

पुढं सोन्याच्या दुकानाची जाहिरात लावायची होती.
अकरा सेकंद हवेत काहीच गेलं नाही.
त्याचा मेमो आलाय, कारण विचारलंय,
लिहायला बोटभर जागा.
‘तांत्रिक’ असं लिहून दिलं.

रेकॉर्डिंगमधला तो हशा मी कापून ठेवलाय,
खोकल्यासकट.
नऊ नंबरचं बटण रिकामंच होतं.
अजून दाबलेलं नाही.